गळलेले केस

७ नोव्हेंबर

विहीणबाईंना सप्रेम नमस्कार.

पत्र बघून दचकू नका. मी बरी आहे. तुमचे गुडघे काय म्हणतात? इस्पितळाच्या लाँड्रीतल्या ओल्या फरशीने आपल्या दोघींच्या गुडघ्यांची वाट लावली. परवा तिथे डोकावले होते. आता नवी मशीनं आलीत, चादरी घडी होऊनच बाहेर पडतात. ओल्या चादरींचा गठ्ठा तुम्ही एकटीने उचलायचात म्हणून सगळ्या तुम्हाला पहिलवान म्हणायच्या, आणि मी गोगलगाय. ‘गोगलगाय अन् पोटात पाय’ म्हणून चिडवायचात तेही तुम्हीच.

हे सांगायला मात्र पत्र लिहायला घेतलेलं नाही.

माझी पोर तिकडे नवऱ्याकडे असताना गेली, तेव्हा तिकडच्या, सीमेपलीकडच्या प्रयोगशाळेने तिचं रक्त तपासलं होतं. अहवाल तुम्हीही वाचलात, मीही वाचला. आपण दोघी त्यावर एक शब्दही बोललो नाही. त्यात एका औषधाचं नाव होतं. बघा, मी अजून औषधच म्हणते. उंदीर मारायला वापरतात ते.

तो कागद घेऊन मी इथल्या तपास अधिकाऱ्याकडे गेले. माणूस वाईट नाही. खुर्ची दिली, पाणी दिलं. म्हणाला, “आजी, अहवाल खोटा आहे असं मी म्हणत नाही. पण त्या प्रयोगशाळेची मान्यता त्यांच्या देशापुरती. आपला त्यांच्याशी करार आहे तो बोटांच्या ठशांचा आणि डीएनएचा. विषाची तपासणी त्यात बसत नाही. हा कागद कोर्टात टिकणार नाही.”

“म्हणजे माझी लेक तिकडे विषाने मेली, आणि इथे कशाने?”



उरलेलं रक्त मागवा म्हटलं, तर ते तपासणीतच संपलेलं. पोरीला तर आपण तिकडेच अग्नी देऊन आलो, मागे काहीच राहिलं नाही. मग मी इथल्या प्रयोगशाळेच्या पायऱ्या झिजवल्या. शेवटी तिथली एक बाई वैतागून बाहेर आली आणि माझ्या शेजारी बाकावर बसली. म्हणाली, “मावशी, तिचे केस आहेत का? हे विष केसांत उतरतं आणि तिथेच राहतं. आम्ही तपासलं तर तो अहवाल इथे चालेल.”

घरी येऊन मी उशा उसवल्या, कंगवे शोधले, तिची जुनी टोपी उलटी करून झटकली. एक केस मिळाला. पांढरा. माझाच.

आणि मग मला आठवलं, पहिलवान. ती सुट्टीला आली तेव्हा तुझ्याकडे राहिली होती. फोनवर म्हणाली होती, “आई, केसांचे पुंजकेच्या पुंजके हातात येतात. तळपायांची आग होते. सासूबाई रोज विंचरून देतात आणि गळलेले केस पिशवीत साठवतात, डॉक्टरला दाखवायला. टक्कल पडलं तर त्याचाच टोप करून देतील मला!” हसत होती गं. मीही हसले.

ती पिशवी आहे का तुझ्याकडे?

तुझ्या घराची झडती घ्यायला अधिकारी तयार नाही. म्हणतो, इथे गुन्हाच नोंदवलेला नाही, हुकूम मिळायचा नाही. घरातल्या कुणी आपण होऊन आणून दिलं तर घेईन.

मी काय मागतेय ते मला कळतं. तुझ्या जागी मी असते तर दिली असती का? रोज स्वतःला विचारते.

आणखी एक. शाळेतल्या कारकुनाने सांगितलं, जावईबापूंनी आपल्या नातीचा, ठकीचा शाळा सोडल्याचा दाखला नेलाय. रविवारी तिला घेऊन ते निघतायत, आणखी दूरच्या देशात. काल मी शाळा सुटताना फाटकाशी उभी होते. ठकीचा हात धरला आणि चालू लागले. कोपऱ्यापर्यंत गेलो. ती म्हणाली, “आजी, आपण कुठे चाललोय?” कुठे नेणार होते मी तिला? परत फाटकाशी आणून सोडली. तुला सांगायचं नव्हतं हे. त्यालाही कळू देऊ नकोस.

ती दोघं गेली की कुठला कागद कुठल्या देशात चालतो, हे शोधण्यात मी मरून जाईन.

तुझ्याशिवाय दुसरं दार नाही मला.

तुझी मैत्रीण,
ठकीची दुसरी आजी

*

९ नोव्हेंबर

गोगलगाय,

पिशवी होती.

तो सुट्टीत आला तेव्हा त्याने विचारलं होतं, “आई, ही घाण कशाला साठवतेस? फेकून दे.” दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं. तिसऱ्या दिवशी मी म्हटलं, जाळली. आणि ट्रंकेच्या तळाशी घातली. का खोटं बोलले, तेव्हा माझं मलाच कळलं नाही. असं म्हणायची मला सवय झालीय. कळलं होतं.

तुझ्याकडे पाठवली नाही. तुझ्या हातातून गेली असती तर लोक म्हणाले असते, हिनेच काही मिसळलं. काल सकाळी मी स्वतः नेऊन दिली. प्रयोगशाळेतल्या त्या बाईने माझ्यासमोर पाकीट सीलबंद केलं, वर माझी सही घेतली. ‘मृताशी नातं’ विचारलं. सासू म्हटलं. “आणि ज्यांच्यावर संशय आहे त्यांच्याशी?” तिच्या हातातला कागद घेऊन तो रकाना मी स्वतःच भरला.

माझा जबाब घेऊन अधिकाऱ्याने गुन्हा नोंदवला आणि त्याचा पासपोर्ट जमा करून घेतलाय. रविवारी कुणी कुठे जात नाही. निकाल यायला वेळ लागेल म्हणतात. सगळ्यांना निकाल हवाय. मला नकोय.

ठकीला शेजारणीकडे ठेवलंय. तू येऊन घेऊन जा, मी अधिकाऱ्याला तसं सांगितलंय.

तो बाहेरच्या खोलीत बसलाय. पासपोर्ट कुणामुळे गेला ते त्याला अजून माहीत नाही. तुझंच नाव घेऊन शिव्या देतोय. आत्ता चहा मागितला. मी करून नेला. कपात न बघता त्याने घोट घेतला. आपल्या माणसाने दिलेलं कुणी बघून पीत नाही गं. तुझी पोरही अशीच प्यायली असेल.

मी दारात उभी राहून त्याला पिताना बघत होते. तो म्हणाला, “काय झालं, आई?”

लवकर ये. मला धीर द्यायला जाऊ नकोस, आणि माझे आभार तर मुळीच मानू नकोस.

त्याची आई