न पडलेलं घर

टोकियो, ९ नोव्हेंबर १९७९

आईले देवरावचा एवढ्या दुरून दंडवत.

मी मजेत आहो. इथं थंडी लई आहे, पण तू दिलेलं स्वेटर अंगातच असते. तू जेवतं ना वेळेवर? गुडघा कसा आहे?

आमच्या स्टुडिओत सिनेमासाठी कमरेएवढी घरं बनवतात वं. मग रबराच्या राक्षसाचा पोशाख घालून एक माणूस ती तुडवते, अन् पडद्यावर खरं शहर पडल्यासारखं वाटते. परवा माझी फजिती झाली. एका लाथेत भिंती पडाव्या म्हणून त्या बांधलेले दोरे मुद्दाम अर्धे कापून ठेवले होते. मले वाटलं, तुटून राहिले. हात थांबते का? हातमागावर तुटलेला धागा जोडाले तू शिकवली तशी गाठ मारून सारे जोडून टाकले. राक्षस लाथा घालून घालून थकला, घर काही पडलं नाही! सारे हसले, साहेब मात्र तापले.

धाकटा शालिकराम लिहिते, बाबा गेल्यापासून माग रिकामाच आहे, काढून टाकू अन् खोली भाड्यानं देऊ. तू त्याच्यावर एक अक्षर लिहिलं नाही. काहून वं? त्याची चिठ्ठी आली तेव्हापासून मले बसवत नाही, उठवत नाही.

उद्या तेच घर पाडायचं आहे. दोरे मीच कापायचे, असं साहेबांनी सांगितलं. कापीन, पोटाचं काम आहे. पण शालिकरामले सांग, मी येईपर्यंत मागाले हात लावू नको.

तुझा,
देवराव