स्टार्टरवरची फुली

सोम. ३ जून, संध्या. ७
गाडीचा स्टार्टर गेला. रविवारी मुलीला होस्टेलवर सोडायचं आहे. बाबा स्वतः नेणार, हे मी तिला दहावीपासून सांगत आलो आहे. भंगारवाल्याकडून जुना स्टार्टर घेतला. चालू कंडिशन आहे म्हणाला. म्हणताना पंख्याकडे बघत होता. नोंद असावी.

मेकॅनिक म्हणाला, द्या इकडे, मीच साफ करून बसवतो. त्याला इतकी घाई कशाला? साफ मी करणार. अकरा वर्षं तो आपली गाडी बघतो, त्याच्यावर माझा संशय नाही. तरी स्टार्टरच्या तळाशी खिळ्याने बारीकशी फुली कोरली. संशय असता तर मोठी कोरली असती.

मंगळ. ४ जून
उघडला. स्प्रिंग उडाली. तासाभराने हिच्या चपलेत सापडली. तिथे कशी गेली, असं हिला विचारलं. विचारायला नको होतं.

मुलगी म्हणाली, बाबा, मेकॅनिककाकांना देऊन टाका ना. हे तिला कोणी शिकवलं?

बुध. ५ जून
कार्बन ब्रश नवे घातले. पाकीट दुकानातच फोडलेलं होतं. आतली काळी भुकटी झटकली, बेअरिंगला ग्रीस लावलं. बाहेरून रॉकेल, तारेचा ब्रश, मग पॉलिश पेपर. तळ असा घासला की ओरखडा म्हणून शिल्लक नाही. वर सिल्व्हर पेंट. ही म्हणाली, गाडीत बसवायचाय की शोकेसमध्ये?

शुक्र. ७ जून
मेकॅनिककडे दिला. समोर उभा राहणार होतो, पण त्याने चहा घेऊन या म्हणून पिटाळलं. सात मिनिटं. आलो तर स्टार्टर बसलेला, गाडी पहिल्याच किल्लीत सुरू. भंगारातला स्टार्टर इतका सरळ वागेल?

घरी येऊन टॉर्च आणि हिचा आरसा घेऊन गाडीखाली शिरलो. फुली नाही.

शनि. ८ जून
मेकॅनिकला शांतपणे विचारलं, माझा स्टार्टर कुठे आहे? म्हणाला, साहेब, गाडीत. मी फुलीचं सांगितलं. तो बराच वेळ फडक्याला हात पुसत राहिला. मग म्हणाला, म्हणजे अकरा वर्षं फुल्याच मारत होतात का? स्टार्टर काढला, वर्तमानपत्रात गुंडाळला आणि माझ्या हातात दिला.

पुसत होता ते हात मात्र आधीच स्वच्छ होते.

रवि. ९ जून, सकाळी ८
ही आणि मुलगी मेकॅनिकच्या गाडीतून गेल्या. हिनेच त्याला फोन केला होता. सामानामुळे आणखी एका माणसाला जागा नाही, असं ही म्हणाली. मुलीने काचेतून हात केला. मागच्या सीटवर तिच्याशेजारी फक्त एक उशी होती.

दुपारी २
बुधवारची नोंद वाचली. तीनदा. अक्षर माझंच आहे.

संध्याकाळी माफी मागायला जाणार. कारणं देणार नाही. स्टार्टर त्याच्या हाती सोपवून सरळ निघून येणार, समोर उभासुद्धा राहणार नाही.

नवी फुली आतल्या बाजूने कोरली आहे. तिथे पॉलिश पेपर पोचत नाही.