कारळ्याची चटणी आणि हॉट केक्स

३ ऑक्टोबर, सकाळी ७
शाळेतून रिटायर झाले तरी इंग्रजी गंजलेलं नाही. काल बचत गटाच्या मीटिंगमध्ये जाहीर केलं, आपली कारळ्याची चटणी 'सेलिंग लाइक हॉट केक्स'! बायकांना कळलं नाही. अर्थ सांगितला, मालावर उड्या पडताहेत. मनकर्णा म्हणाली, "पण बाई, वाढदिवसाचा केक तर गार असतो." शिस्त नाही.
माल दुकानात उद्या जाईल. आत्मविश्वास आधी हवा.

९ ऑक्टोबर
मनकर्णा यंदा ऊसतोडीला जाणार नाही. मुलगी संस्कृती दहावीला आहे. दरवर्षी शाळा बुडवून आईबापाबरोबर जाते. "तुमी म्हणल्या चटणी लई खपायली, म्हणून थांबते." तोडीला जोडी लागते, म्हणून नवरा भावजयीला नेणार. मी म्हणाले, योग्य निर्णय.

१४ ऑक्टोबर
दुकानदार सुंदररावांचा फोन. एकही पाकीट गेलं नाही. "बाई, घरोघरी कारळं कुटतेत. इकत कोण घेणार?" दूरदृष्टी नाही.
सगळी पाकिटं दुकानातून आणून घरी दिवाणाखाली खोक्यांत ठेवली. दुकानात रिकामं फडताळ दिसलं की मागणी वाढते.

१५ ऑक्टोबर
रिकामं फडताळ मनकर्णानंच पाहिलं. पळत आली. "खरंच संपली की वो!" लगेच नवं कारळं भाजायला बसली. सांगणार होते. इतक्या आनंदात सांगणं बरं दिसलं नसतं.

२० ऑक्टोबर
हे म्हणाले, ऊसतोडीची टोळी अजून गावात आहे, मनकर्णाला आजच सांग. यांना घाई फार. उद्या सांगते.

२४ ऑक्टोबर
टोळी गेली. आता सांगून उपयोग नाही.

५ नोव्हेंबर
मनकर्णा पाकिटं भरायला आली. बसायला दिवाणाखालची चटई ओढली, तिच्याबरोबर पाकिटांचं खोकं बाहेर आलं. मग दुसरं. "कावून वो बाई?" असं का केलं, एवढंच विचारलं.
मी खोकी परत आत सरकवली.

७ नोव्हेंबर, दुपारी
ऊसतोडीला माणसं नेणाऱ्या मुकादमाची दुसरी गाडी आज निघाली. मनकर्णा चालली, संस्कृतीही. मुलीला माझ्याकडे ठेव म्हणाले. "नगं बाई. तुमच्या भरवशावर एकदा ऱ्हाऊन बघितलं."
चटणीची दोन पाकिटं पुढे केली. मनकर्णानं हात लावला नाही. संस्कृतीनं घेतली. "थँक यू, मॅडम."
उच्चार अगदी बरोबर होता.