साखरेच्या पाण्यातल्या पेशी

३ मे ९४, मंगळ.
परत लाइट गेली. लॅबची कोल्ड रूम तापली. गारठ्यात पेशी गप्प बसतात, ऊब लागली की पडदा आत वळवून बाहेरचं ओढायला लागतात. मी घड्याळ लावायच्या आतच सगळ्यांचं गिळून झालं. तिसरी बॅच गेली. पीएच.डी.चं पाचवं वर्ष!

७ मे, शनि.
बाबा जूनमध्ये रिटायर. आर. के. पुरमचं सरकारी क्वार्टर सोडून मयूर विहारला जायचं. आई भांडी कागदात गुंडाळत होती.
"पेशी खाते म्हणतेस, तिला तोंड कुठे असतं?"
"नसतं. पडदा जिथे आत वळेल तिथेच."
"आणि वळवतं कोण?"
पाच वर्षं हेच तर शोधतेय.

१७ मे, मंगळ.
दुसऱ्या संस्थेतला मायक्रोस्कोप अखेर मिळाला. माझ्या गाइड सरांचं पंधरा वर्षांचं म्हणणं : पडद्याखाली प्रथिनांची जाळी जमते, तीच त्याला वाकवते, जाळी नाही तर खळगा नाही. साखरेच्या घट्ट पाण्यात जाळी जमत नाही, म्हणून तशाही पेशी नेल्या होत्या. त्यांनी काही आत घ्यायला नको होतं.
घेतलंय. जाळीशिवायचे नितळ खळगे, अरुंद मान, आत मी बाहेरच्या पाण्यात सोडलेले सोन्याचे कण. अठरा फोटो.

१८ मे
सरांनी अर्धा मिनिट पाहिलं. "ये कटिंग की सिलवटें हैं. थीसिस से निकाल दो, मैं साइन कर देता हूँ."
पेशींचे काप घेताना पडलेल्या सुरकुतीत सोन्याचे कण कसे येतील, सर? हे मनातल्या मनात. बाहेर फक्त "जी सर". स्वतःचाच संताप.

२३ मे, सोम.
पुन्हा केलं. तेच. बाबा म्हणाले, "सही घे आणि मोकळी हो. नंतर छाप काय छापायचं ते." आई : "तिला दिसलंय ना पण?" मग दोघांचंच जुंपलं. गुडगावच्या नव्या परदेशी कंपनीतल्या नोकरीची जाहिरात बाबांनी माझ्या उशाशी ठेवलीय. कात्रण काढून, व्यवस्थित.

२६ मे, गुरु.
सांगितलं एकदाचं. "सर, फोटो नहीं निकालूँगी." आवाज चिरका निघाला. सरांनी फोटो पुन्हा उचलले. मग, "मेरे सामने करो. सेल्स मैं चुनूँगा."
म्हणजे विश्वास नाही. की आहे? डोकं फिरलंय.

२ जून, गुरु.
सोमवारी सर स्वतः लॅबमध्ये आले. बाटली त्यांनी निवडली, साखर त्यांनी वजन केली. आज मायक्रोस्कोपवर मला उठवून स्वतः बसले. पहिली पेशी, काही नाही. दुसरी, काही नाही. तिसरीत खळगा. नितळ, आत चार काळे ठिपके, म्हणजे सोनं.
सरांनी चष्मा काढला, पुसला, परत डोळा लावला. "पंद्रह साल..." एवढंच म्हणाले.
गाडीतून मला बसस्टॉपपर्यंत सोडलं. फोटो थीसिसमधून काढ म्हणाले नाहीत. ठेव असंही नाही. सही अजून नाही. फोटो थीसिसमध्येच आहेत.