बाई थांबतात तिथे

प्रिय ऋता,

पोस्टानं आलेलं पाकीट आणि त्यावर माझं अक्षर बघून तू आधी घाबरशील, मग हसशील. हातात फोन असताना आईला हे काय खूळ लागलं, असंही म्हणशील. म्हण. तू नागपूरला गेलीस आणि थोड्याच दिवसांनी मी तुझे फोन घ्यायचे बंद केले, नुसता अंगठा पाठवते, म्हणून तू रुसली आहेस हे मला कळतं. घसा बसलाय असं मी कळवलं होतं. त्यावर तू मध आणि आल्याचा उपाय पाठवलास. तो मी रोज इमानेइतबारे केला. खोटं बोलायचं तर ते तरी नीट बोलावं.

इकडे रहाटणीत टँकर पुन्हा सुरू झालेत आणि सोसायटीच्या ग्रुपवर भांडणंही. बाबांना चाकणला सारखा ओव्हरटाइम लागतो. नवीन मशीन आली आहे आणि ती यांच्याशिवाय कोणाचं ऐकत नाही म्हणे. परवा जेवताना म्हणाले, हल्ली तू भांडत नाहीस, शहाणी झालीस. एरवी मी त्यांना सोडलं नसतं. या वेळी नुसती आमटी वाढली. ते खूश झाले.

यंदा माझ्याकडे दुसरीचा वर्ग आहे आणि सध्या विरामचिन्हं चालली आहेत. तुला शिकवली होती तशीच शिकवते. पूर्णविरामाला मांडीवर थाप, स्वल्पविरामाला चुटकी, प्रश्नचिन्हाला भुवया वर. बसमध्ये दुकानांच्या पाट्या वाचताना तू एवढ्या जोरात थाप मारायचीस की शेजारची बाई दचकायची. मी फळ्यावर चिन्हांशिवाय वाक्यं लिहिते आणि मोठ्यानं वाचते. मुलांनी कान द्यायचा आणि बाई जिथे थांबतील तिथे थाप किंवा चुटकी. मग एकेकानं पुढे येऊन खडूनं चिन्ह काढायचं. आजवर ही पद्धत कधी फसली नाही.

या वर्षी फसली. ‘आजी सकाळी उठून अंगणात गेली तेव्हा झाडाखाली मांजर बसलं होतं’ हे साधं वाक्य. पोरांनी ‘आजी सकाळी’ झाल्यावर चुटकी वाजवली, ‘अंगणात’ झाल्यावर वाजवली, आणि ‘झाडाखाली’च्या पुढे तर सरळ थाप मारली, म्हणजे मांजर वाक्याच्या बाहेरच राहिलं. एकदोन मुलं चुकली असती तर मी समजू शकले असते. अख्खा वर्ग एकाच जागी कसा चुकेल? मी रागावले. मधल्या सुट्टीत बसवून ठेवलं. तुला माझा स्वभाव माहीत आहे, शिकवलेलं वाया गेलं की मला सहन होत नाही. ती बिचारी डबे मांडीवर घेऊन पुन्हा पुन्हा चुटक्या वाजवत होती, आणि पुन्हा पुन्हा त्याच जागी.

शेवटी शेजारच्या वर्गावरच्या सायलीला बोलावलं. ती नवीन आहे, तुझ्याच वयाची, आवाज खणखणीत. म्हटलं, तू वाचून बघ. तिनं तेच वाक्य वाचलं आणि सगळ्या वर्गाच्या चुटक्या, थापा बिनचूक आल्या. सायली माझ्याकडे बघायला लागली. माझा राग आणखी वाढला. मी मुलांना विचारलं, मग माझ्या वेळीच कशी रे तुमची बोटं वळवळतात? पुढच्या बाकावर दिव्या बसते. लातूरकडचं कुटुंब, वडील चाकणला कंपनीत. पोर एरवी तोंड उघडत नाही. ती उभी राहिली आणि म्हणाली, “बाई, तुमी तितंच थांबता की.”

काखेत कळसा आणि गावाला वळसा. मुलं चुकतच नव्हती, ऋता. मी सांगितलं तेच करत होती. मलाच सबंध वाक्य एका दमात पुरत नव्हतं, आणि ते मला सोडून वर्गातल्या सगळ्यांना ऐकू येत होतं. खरं सांगायचं तर थोडं मलाही माहीत होतं. शाळेच्या जिन्यात मधल्या वळणावर सुविचाराचा फळा आहे. तो मी हल्ली रोज उभी राहून वाचते. एकच सुविचार चार दिवस पुसला नाही तरी रोज वाचते. शिपाई दत्तोबांना वाटतं बाईंना फार आवडला, म्हणून आता ते तो मुद्दामच पुसत नाहीत.

मी नको नको म्हटलं, पण सायलीनं ऐकलं नाही. दुसऱ्याच दिवशी मला चिंचवडला डॉक्टरांकडे घेऊन गेली. त्यांनी छातीला नळी लावली आणि बराच वेळ काढलीच नाही. मग इको झाला. हृदयाची एक झडप अरुंद झाली आहे आणि ती बदलावी लागणार. ही ऑपरेशनं आता पुष्कळ होतात, असं ते तीनदा म्हणाले, म्हणून मला जास्तच धास्ती बसली. मला भीती वाटते. हे मी कागदावर लिहिते आहे, कारण तोंडानं अजून कोणालाच सांगितलेलं नाही. मुलांना मात्र सांगितलं, की तुम्ही बरोबर होता आणि बाई चुकल्या. मग सगळ्यांना लवकर खेळायला सोडलं.

बाबांना अजून काहीच ठाऊक नाही. रोज ठरवते, जेवण झाल्यावर सांगू. ते दमून आलेले असतात, मशीनचं कौतुक सांगतात, आणि मी ताटं उचलते. ते वाक्य मला पुरं करता येत नाही. अर्ध्यावर थांबले तर ते उरलेलं अर्धं स्वतःच ओळखतील आणि मला त्यांचा चेहरा एकटीला बघावा लागेल. वीस तारखेला दवाखान्यात दाखल व्हायचं आहे. त्याआधी माझ्या शेजारी बसून मी जिथे थांबेन तिथून पुढे बोलणारं कोणी तरी हवं आहे. नोकरी नवीन आहे, रजा मिळणं अवघड, सगळं कळतं मला. तरी सांगते. फोन करू नकोस, फोनवर मी पुन्हा घसा बसलाय म्हणेन. तू ये.

तुझीच,
आई