पान १८८ चे शुद्धिपत्र

मी, नोरीन एडिथ थॉर्प, वय वर्षे पंच्याहत्तर, व्यवसाय कादंबरीलेखन, राहणार फ्रँकलिन, ह्यूऑन खोरे, टास्मानिया, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. शिवाय आज सकाळचे शब्दकोडे मी पेन्सिलीने नव्हे, पेनाने सोडवले, तेही जोडते. यापूर्वीची माझी दोन्ही मृत्युपत्रे रद्द समजावीत. दुसरे तर मी रागाच्या भरात लिहिले होते.

कलम १. नदीकाठचे घर, मागची नाशपातीची चार झाडे आणि बँकेत जे काही निघेल ते, माझी भाची जनेल हिला. जनेल म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीची, कोरलची, मुलगी. स्वयंपाकघराची खिडकी अडकते, ती ओढू नये, आधी खालून ठोकावी. माझा टाइपरायटर तिने खुशाल विकावा, पण त्यात फुलझाड लावून तो ओसरीत ठेवू नये. आईचे पाककृतींचे पुस्तकही तिलाच. ज्या पानांवर लोण्याचे डाग जास्त, ते पदार्थ चांगले होतात.

कलम २. माझ्या ई-रीडरवर सहाशे बारा पुस्तके आहेत. ती मला मरे ऑग्डेन यांना द्यायची होती. मरे हे इथल्या वाचनालयाचे निवृत्त ग्रंथपाल, माझे जुने मित्र आणि या मृत्युपत्राचे व्यवस्थापक. पण माझ्या वकील पाउला ह्यूइट यांनी बारीक अक्षरातल्या अटी वाचल्या आणि म्हणाल्या, "नोरीनबाई, ही पुस्तकं तुमची नाहीतच. तुम्हाला फक्त वाचायची परवानगी आहे, आणि ती तुमच्याबरोबरच संपते." मी चाटच पडले. त्या सहाशे बारांत माझी स्वतःची कादंबरीही आहे, रोख पैसे देऊन घेतलेली. मरेना हे सांगितले, तर म्हणाले, "सुटलो बुवा! त्यातल्या चारशेंत तर खूनच असतील." तेव्हा मरेना फक्त यंत्र द्यावे, आतले काही नाही.

कलम ३. मागच्या शेडमध्ये 'मे महिन्यातली सफरचंदे' या माझ्या १९९३ च्या कादंबरीच्या तीनशे चाळीस प्रती आहेत. प्रकाशक त्यांचा लगदा करायला निघाले होते, म्हणून मी उचलून आणल्या. त्यांचे काय करायचे ते कलम ६ मध्ये पाहावे.

कलम ४. त्या कादंबरीचे हक्क कोणाला द्यावेत, हे मला ठरवता आलेले नाही, कारण ते माझ्याकडे परत आलेच नाहीत. करारात लिहिले होते की पुस्तक विक्रीत राहिले नाही, की हक्क लेखिकेकडे परत येतील. तेव्हा त्याला अर्थ होता. प्रती संपत, प्रकाशकाचा उत्साह संपे, आणि पुस्तक आपले घरी येई. मग त्यांनी ई-बुक काढले. त्याला गोदाम लागत नाही, ते संपत नाही. वर्षातून एखाद्या वाचकाने घेतले तरी ते विक्रीतच. मी तक्रार करत नाही, मला याचे नवलच जास्त वाटते. कारण कोण कुठल्या पानावर थांबले याची नोंद ई-बुक ठेवते, आणि त्यामुळेच मला कळले की बहुतेक वाचक पाचव्या प्रकरणात पुस्तक सोडतात. तीस वर्षे हे मला कोणी सांगितले नव्हते. मी ते प्रकरण पुन्हा वाचले. त्यात झाडावर कलम कसे करावे याची नऊ पाने आहेत. वाचकांचे बरोबर आहे.

कलम ५. आता ज्यासाठी लिहायला बसले ते.

कादंबरीत पान १८८ वर सफरचंदे भरायची शेड जळते. धाकटी बहीण दिवा विझवायला विसरते म्हणून. आमची शेड मे १९६६ मध्ये जळली आणि त्या संध्याकाळी कुलूप कोरलने लावले होते, हे खोऱ्यात सगळ्यांना ठाऊक होते. कुजबुज होतीच, माझ्या पुस्तकाने ती छापील झाली. तेव्हापासून कोरलचे नाव पडले 'काडेपेटी'. ती दुकानात शिरली की कोणीतरी म्हणायचेच, "काडेपेटी आली रे, गवत आत घ्या!" तीही हसायची. वडिलांनी बाग विकली, पंधराव्या वर्षी तिची शाळा सुटली, आणि हे सगळे आपल्यामुळे झाले असेच ती समजत आली.

दिवा मी लावला होता. मी सतरा वर्षांची होते, कामे चुकवून शेडमध्ये लपून वाचत असे. आईने चहाला हाक मारली, मी पुस्तक झग्यात लपवून पळाले, आणि दिवा सफरचंदे गुंडाळायच्या कागदांच्या ढिगाशेजारी तसाच राहिला. बारा वर्षांची कोरल सांगितल्याप्रमाणे बाहेरून कुलूप लावून आली. मी तेव्हा गप्प बसले आणि सत्तावीस वर्षांनी तिचा दोष छापून घेतला.

तीन वर्षांपूर्वी मी प्रकाशकांच्या ऑफिसात सहज विचारले, ई-बुकातले एखादे प्रकरण बदलता येते का? तिथली मुलगी म्हणाली, "एवढंच ना? पाठवा की. चहाच्या वेळेपर्यंत सगळ्यांकडचं बदलेल." मी दिवा थोरलीच्या माथी मारला आणि पाठवून दिला. आठवड्याभरात कोरलचा फोन आला. तिची नजर गेल्यात जमा आहे, कागदावरचे तिला भिंगाशिवाय दिसत नाही, म्हणून ती पडद्यावर अंड्याएवढी अक्षरे करून वाचते.

"अगं नोरीन, माझ्या पुस्तकात दिवा थोरली विसरते."

"हो, बदललं मी."

"खरं आहे म्हणून, की गोष्ट बरी होते म्हणून?"

मी म्हणाले, "गोष्ट आहे गं बाई. गोष्टीत काय, काहीही होतं."

ती म्हणाली, "म्हणजे पडद्यावर मी सुटले, आणि वाचनालयात अजून मीच." तिने फोन ठेवला. मला माझी लाज वाटते. कोरल, ती गोष्ट नव्हती. ते खरे आहे.

कलम ६. मरे यांनी शेडमधल्या प्रतींत, वाचनालयाच्या दोन प्रतींत आणि खोऱ्यात ज्या ज्या घरी हे पुस्तक आहे तिथे जाऊन पान १८८ वर पुढील शुद्धिपत्र चिकटवावे: 'दिवा विसरली ती धाकटी नव्हे, थोरली. लेखिका हे पहिल्यापासून जाणत होती.' मरे म्हणाले, "अगं, पुस्तकच नवीन छापून घे ना!" नको. ई-बुकात मी चूक पुसली तेव्हा चूक केल्याचेही पुसले गेले. आज वाचणाऱ्याला तिथे काही खोटे होते हे कळतच नाही. चिठ्ठी फक्त वरच्या कडेने चिकटवावी, म्हणजे तिच्याखाली जुने वाक्य राहील आणि लोकांना दोन्ही वाचता येतील.

कलम ७. कोरलला मी काहीही ठेवलेले नाही. ज्याला वाटा मिळतो त्याने साक्षीदार होऊ नये, असे पाउलाबाई सांगतात, आणि मला साक्षीला कोरलच हवी आहे. साक्षीदाराने मजकूर वाचलाच पाहिजे असा नियम नाही. तिने मात्र वाचल्याशिवाय सही करू नये.

ठिकाण: फ्रँकलिन. दिनांक: १४ ऑगस्ट २०२४.

सही: नोरीन ई. थॉर्प

साक्षीदार १: पाउला ह्यूइट, वकील.

साक्षीदार २: कोरल डिलन. भिंग लावून दोनदा वाचलं. अठ्ठावन्न वर्षं, नोरीन! सही करते, पण कलम ६ मला मान्य नाही. तू मेल्यावर मरेने कशाला फिरायचं? सोमवारी सकाळी गाडी काढ. दारं मी वाजवीन, बोलायचं तू.