पातेल्याच्या बदल्यात गेलेला कॉम्प्युटर

सोलापूर, शुक्रवार

टेंभुर्णी मुक्कामी माझे सासरे, अब्बाजान नबीसाब यांना जावई एजाजचा सलाम. तुमच्या गुडघ्याचं कसं हाय? खातूनबी अम्मी बऱ्या असतील. हितं झीनत मजेत हाय, मी सोडून सगळं मजेत हाय. (फोनच केला असता, पण तुमचा फोन तुमचा लेक उमर उचलतो, आणि ही गोष्ट त्याच्या कानावर जायला नको.)

अब्बा, माझी झोप उडालीय. नवा कॉम्प्युटर घेतला, म्हणून जुन्यातलं सगळं मी डिलीट केलं, वरनं ओल्या फडक्यानं पुसूनबी घेतला. झीनतनं तो माझ्या चांगल्या पँटींसकट मायाक्का भांडेवालीला दिला आणि स्टीलचं पातेलं घेतलं. (पातेलं लई चांगलं हाय, खोटं कशाला बोलू.) नंतर प्रिंटर जोडायला आलेला मेकॅनिक म्हणतो, डिलीट करून काय होतंय? दुकानाची पाटी उतरवली म्हणून आतला माल जातोय व्हय? हार्ड डिस्क काढून तिला भोकं पाडायची असतात! या अल्ला!

कारण त्यात एक व्हिडिओ हाय. मागच्या ईदला मी एका बुजुर्ग माणसाची नक्कल केली होती. लुंगी सावरत ड्रायव्हरला झापणं, झापता झापता घोरणं, आणि घोरता घोरता डिझेल कुटं गेलं म्हणून विचारणं. त्यांनी ते बघितलं तर मला परत दारात उभं करायचे न्हाईत.

तसाच पळत मायाक्काला गाठलं. ती म्हणाली, डबडं ठेवून काय पूजा करू? विकलं की! विजापूर वेशीतला जुन्या मालाचा दुकानदार म्हणाला, कालच गेला, टेंभुर्णीचा एकजण ट्रान्सपोर्टच्या ऑफिसला घेऊन गेला. दर वाक्याला 'अब्बाची कसम' म्हणत घासाघीस केली, आणि वर माऊस फुकट मागितला. अब्बा, फुकटचा माऊस मागणारा अख्ख्या टेंभुर्णीत एकच हाय, आपला उमर! मी तिथंच पायरीवर बसलो. दुकानदारानं पाणी पाजलं.

बाकी खुशाली. नव्या पातेल्यात बिर्याणी होती, पण घास उतरत न्हाय.

तुमचा जावई,
एजाज

ता. क. रविवारी ड्रिल मशीन घेऊन येतोय. तोवर तुमच्या ट्रान्सपोर्टच्या ऑफिसातल्या त्या कॉम्प्युटरला कुणाला हात लावू देऊ नका. शॉक मारतोय म्हणून सांगा.

आणखी एक. चालू केलाच असंल, तर ते बुजुर्ग म्हणजे तुमी न्हाय. लुंगी मात्र तुमचीच हाय. ती पेटीतनं अम्मींनी काढून दिली, आणि मोबाइल धरून "अजून घोर, अजून घोर" म्हणत जे हसणं ऐकू येतंय, तेबी त्यांचंच. तवा दाराबाहेर काढायचंच असंल, तर अम्मींपासून सुरुवात करा.